राजगिऱ्याचा बर्फ

आमच्या ऑफिसात सरांना 'गुड मॉर्निंग' म्हणायची चूक फक्त नवीन माणूस करायचा. मीही पहिल्याच दिवशी केली. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, खिडकीबाहेर पाहिलं, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि विचारलं, "कशावरून?"

मी नागपूरची. पुण्यात येऊन जेमतेम आठवडा झालेला. ही इथली विचारपूस करायची रीत असेल असं वाटून मी म्हटलं, मी छान आहे सर. त्यावर, तसं आपण म्हणताय, एवढं बोलून ते कामाला लागले. मी तिथेच उभी राहिले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा हळूच म्हणाला की वाईट वाटून घेऊ नकोस, गेल्या दिवाळीत त्यांनी 'शुभेच्छा' म्हणणाऱ्यालाही हेच विचारलं होतं.

लिफ्टच्या वर जायचा बाण पेटलेला असला तरी सर आतल्या माणसांना "वर ना?" असं विचारून मगच पाय आत ठेवायचे. त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर पेनाने रेघ मारलेली असायची. टेबलावरून उठताना रेघ, परत आल्यावर तपासणी. कँटीनवाला बिनसाखरेचा चहा म्हणून जो कप द्यायचा त्यात ते आधी चमच्याचं टोक बुडवून जिभेला लावायचे, आणि तो खरंच बिनसाखरेचा निघाला की चेहऱ्यावर समाधान यायच्या ऐवजी किंचित निराशा यायची. हजेरीच्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या घड्याळावर होता, पण तोही सकाळी रेडिओशी मिळवून घेतल्यावरच.

एकदा त्यांच्या घरून फोन आला तो मी उचलला. पलीकडे काकू होत्या. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "त्यांना म्हणावं, मी बोलतेय. 'कशावरून' म्हणाले तर सांग, आज डब्यात दोडका आहे." सर खरंच 'कशावरून' म्हणाले. मी दोडका सांगितला. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि मगच फोन घेतला.

सगळं आयुष्य त्यांनी मुंबई रस्त्यावरच्या एका इंजिनांच्या कारखान्यात टर्बोच्या चाचण्या घेण्यात घालवलं होतं. बाजार खुला झाला, कारखान्याला परदेशी मालक आला, आणि मोठ्या पगाराच्या जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटण्यात आले. त्यातल्या 'स्वेच्छा' या शब्दावर सरांनी मालकालाही 'कशावरून' विचारलं होतं म्हणे. मग हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि आमच्या कंपनीला इंजिनं कळणारा कोणीतरी हवा झाला, म्हणून सर आले. सॉफ्टवेअर त्यांना मुळातच संशयास्पद वाटायचं. दिसत नाही, हाताला लागत नाही, जळालं तर वास येत नाही, अशा वस्तूची चाचणी घ्यायची कशी, असं ते म्हणत, आणि तरी आमच्यातल्या कोणाहूनही जास्त वेळ त्या वस्तूसमोर बसून राहत.

आमचं काम ऐकून लोक हसायचे. साता समुद्रापलीकडच्या एका थंड मुलखात बर्फाच्या डोंगरावर चालवायच्या गाड्या बनवणारी कंपनी आमची क्लायंट होती. गाडी म्हणजे मोटरसायकलच म्हणा. पुढे चाकाऐवजी दोन स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब फळ्या, आणि मागे रणगाड्याला असतो तसा रुंद रबरी पट्टा, त्याला बोटभर लांबीचे दात. उंचावर हवा विरळ होते, तिथे साधं इंजिन धापा टाकायला लागतं. म्हणून त्याला टर्बो, म्हणजे हवा कोंबून भरणारा पंखा. चालकाने हँडलवरचा वेगाचा खटका अंगठ्याने दाबला की त्या पंख्याने किती आणि किती लवकर हवा भरायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम आमच्याकडे होता आणि त्यातला मुख्य भाग मी लिहिला होता. ताजा, कोरडा, कमरेइतका भुसभुशीत बर्फ असेल तिथे सगळा खेळ त्या क्षणाचा असतो. हवा वेळेवर आली तर गाडी वरच्यावर तरंगत चढते, उशिरा आली तर मागचा पट्टा खड्डा खणत बसतो आणि गाडी रुतते.

बर्फ आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की आपण बर्फ कुठे पाहिलात. मी म्हटलं, गोळ्याच्या गाडीवर. ते म्हणाले, मीही तिथेच, म्हणजे आपण दोघंही सारखेच अडाणी आहोत, हे लक्षात ठेवून काम करा. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.

त्याचं कारण सांगते. माझ्या टेबलावर दीक्षाभूमीवरून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती होती. सरांनी एकदा ती पाहिली, कुठली म्हणून विचारलं, मी सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'ने माझं डोकं खाल्लं. पेठेतला माणूस, बोलणं असं धारदार, आणि वर प्रत्येक गोष्टीला 'कशावरून'. आमच्या घरात हा प्रश्न नवीन नव्हता. बाबांना नोकरीत, आजोबांना शाळेत, वेगवेगळ्या शब्दांत हाच विचारला गेला होता: तुला जमेल, कशावरून? मी खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये मामांकडे राहायचे. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो माणूस मॅनेजरलाही असंच विचारतो का? मी म्हटलं, हो. स्वतःच्या बायकोला? तिलाही. मग मामा पेपर वाचायला लागले.

पण संशय असा पेपर उघडून जात नाही. मी सरांवर डोळा ठेवला. ते कोणाला किती वेळा टोकतात, कोणाच्या कामावर किती वेळ बसतात, हे मी बघत राहिले. म्हणजे ते जगावर संशय घेत होते आणि मी त्यांच्यावर. वर्षभर आमचं हे व्यवस्थित चाललं.

मंडईतला किस्सा मी स्वतः पाहिला आहे. शनिवारी मामींनी काहीतरी आणायला पाठवलं होतं आणि समोर सर, हातात दोन पिशव्या. एका बाईंकडून ते बटाटे घेत होते. बाईंनी वजन केलं, काटा बरोबर मध्ये. सर म्हणाले, "पारडी बदला." म्हणजे बटाट्यांच्या पारड्यात वजनं आणि वजनांच्या पारड्यात बटाटे. तराजूत खोट असेल तर ती पारडी बदलली की उलटी होऊन बाहेर पडते, हे सरांनी रांगेतल्या सगळ्यांना समजावून सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पारडी बदलली. काटा परत मध्येच. मग बाईंनी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं, बटाटे घेतले आणि निघाले. पुढच्या शनिवारी ते पुन्हा त्यांच्याकडेच गेले, हे मला नंतर कळलं. सर दिसले की त्या बाई न सांगता दोन्हीकडून वजन करून दाखवायला लागल्या. सर म्हणायचे, आता त्यांच्याकडे मी काट्याकडे बघत नाही.

खरं सांगायचं तर सरांचा संशय बहुतेक वेळा चुकीचाच निघायचा. लिफ्ट वरच जात असायची, चहा बिनसाखरेचाच असायचा, पाणी कोणी पीत नसायचं. याने त्यांना काही फरक पडत नव्हता.

मग क्लायंटची ती मेल आली.

तिकडे डोंगरावर आमच्या प्रोग्रॅमची टर्बो गाडी आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीची टर्बो गाडी यांची तुलना चालली होती. झाडांमधून वर जाणारा अरुंद, उभा चढ, ताजा बर्फ, दोन कसलेले चालक. प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्ध्याची गाडी आरामात वर जात होती आणि आमची मध्येच बुडत होती. निष्कर्ष मेलमध्येच होता: टर्बोला हवा उशिरा मिळते आहे, चूक पुण्याच्या प्रोग्रॅमची आहे, चूक कबूल करून कोण जबाबदार आहे ते कळवावं. नाहीतर हिवाळा संपताच काम बंद.

आमच्या मॅनेजरला कबुलीची घाई होती. चूक झाली म्हणा, सुधारतो म्हणा, माणूस बदलतो म्हणा, क्लायंट शांत होतो, असा त्यांचा अनुभव होता. बदलायचा माणूस मी होते. मला 'बेंच'वर बसवणार, म्हणजे काम नसलेल्यांच्या रांगेत, आणि त्या रांगेतून लोक कुठे जातात हे त्या वर्षी सगळ्यांना माहीत होतं. बाबांना मी काही कळवलं नाही. त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी बर्फातल्या गाड्यांचं काम करते.

त्याच दुपारी सरांनी माझ्या संपूर्ण प्रोग्रॅमची छापील प्रत मागितली. ऑफिसात कुजबुज झाली की मॅनेजरने म्हाताऱ्याला माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायला बसवलंय. मलाही तेच वाटलं. रोज दुपारी ते मला समोर बसवायचे आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचे, कशावरून? इथे हवेचा दाब इतका धरलात, कशावरून? इथे अंगठा दाबलाय असं समजलात, कशावरून? मी उत्तर द्यायचे. ते मान हलवायचे नाहीत, नाकारायचेही नाहीत. पुढच्या ओळीवर बोट.

मध्येमध्ये ते क्लायंटलाही सोडत नव्हते. दोन्ही गाड्यांत पेट्रोल एकाच टाकीतलं होतं कशावरून? होतं. चालकांची वजनं सारखी कशावरून? बुटांसकट वजन करा, असं त्यांनी लिहिलं. तिकडच्या लोकांनी रागारागाने का होईना, बुटांसकट वजन केलं. सारखीच निघाली. मॅनेजरने डोक्याला हात लावला. आता आपण चोर तर चोर, वर शिरजोरही ठरलो, असं ते मला म्हणाले, जणू ती पत्रं मीच लिहिली होती.

आणि मग एका सकाळी सर घरून परात घेऊन आले.

आपल्याला बर्फ माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवरून आपण भांडतोय, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी परातीत रांगोळी होती. काडेपेटीत खोडरबर भरून ती त्यावरून दोऱ्याने ओढायची, दोऱ्याच्या टोकाला छोटा ताणकाटा, म्हणजे किती जोर लागला ते कळावं. परातीच्या एका बाजूखाली टेलिफोन डिरेक्टऱ्या, म्हणजे चढ झाला. रांगोळी फार जड, काडेपेटी वरूनच सरकली. दुसऱ्या दिवशी मैदा. तो चिकटला, आणि सफाईच्या मावशींनी वर तक्रार केली. तिसऱ्या दिवशी बरणीभर राजगिऱ्याच्या लाह्या आल्या. बारीक, पांढऱ्या, फुंकर मारली तर उडतील अशा. काडेपेटी ठेवताच बुडाली. सर माझ्याकडे बघून म्हणाले की हा बर्फ बरा आहे.

प्रयोग झाला की लाह्या परत बरणीत जायच्या, बरणी त्यांच्या टेबलामागच्या खिडकीत, आणि बरणीवर अर्थातच पेनाची रेघ. नमुना आहे, खायचा नाही, अशी ताकीद सगळ्यांना मिळाली. आठवड्याभरात लाह्या रेघेच्या खाली गेल्या. सरांनी एकेकाला विचारलं. ज्यांचे उपवास असतात त्यांना दोनदा विचारलं. मलाही विचारलं. मी म्हटलं, सर, आमच्याकडे एकादशी नसते. ते म्हणाले, भूक असते ना? त्यांनी नवी रेघ मारली. लाह्या परत कमी झाल्या. चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

त्या दिवशी दोरा मी ओढत होते. काडेपेटी लाह्यांत रुतत रुतत कशीबशी वर आली, ताणकाटा चांगलाच खाली गेला. "पुन्हा," सर म्हणाले. परात हलवायचा मला कंटाळा आला होता. मी काडेपेटी तशीच खाली नेली आणि त्याच चरातून ओढली. सर्रकन वर आली. ताणकाट्याचा काटा जागचा फारसा हललाही नाही. सर म्हणाले, हे कसं? मी म्हटलं, सर, वाट आधीच दबलेली आहे ना, मागून येणाऱ्याला काय त्रास.

सरांनी परात बाजूला सारली. उठले, तिकडून आलेल्या चाचण्यांच्या व्हिडिओ फिती कॉम्प्युटरवर लावल्या. आम्ही सगळे आलेख बघत होतो, त्या फिती कोणी नीट पाहिल्याच नव्हत्या. आता सर गाडीकडे बघतच नव्हते, गाडीच्या पुढच्या बर्फाकडे बघत होते. प्रत्येक फितीत आमच्या गाडीपुढे कोरा बर्फ. प्रत्येक फितीत प्रतिस्पर्ध्याच्या गाडीपुढे आधीच पडलेला एक चर.

पुढे जे कळलं ते असं. त्या डोंगरावर कोऱ्या बर्फात पहिली रेघ ओढायला मिळणं हा मान समजतात. तिकडच्या लोकांनी तो मान प्रत्येक वेळी प्रेमाने आपल्या स्वतःच्या गाडीला दिला होता. पाहुण्या गाडीने मागून यायचं. चढ अरुंद, झाडांमधून वाट एकच. आपली गाडी रस्ता करून देते आहे आणि दुसरी त्या रस्त्यावरून जाते आहे, हे त्यांच्या मनात आलंच नाही, कारण पहिलं जाणं त्यांना तोटा वाटत नव्हता.

त्याच संध्याकाळी क्लायंटचा फोन ठरला होता. तिकडची सकाळ, आमची दिवेलागण. कबुलीचा मजकूर मॅनेजरने तयार ठेवला होता आणि तो मी वाचायचा होता. फोनआधी सरांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले की मी त्यांना क्रम बदलून चाचणी घ्यायला सांगणार आहे, पण तिकडे बर्फ वितळत आलाय, एकच संधी मिळेल. "आणि मागून जाऊनही आपली गाडी बुडली, तर आपल्या नोकरीचं मी काही करू शकणार नाही. आपल्या कामाची आपल्याला खात्री आहे?"

मी इंग्रजी मिसळून काहीतरी सांगायला लागले, शक्यता अशी आहे, साधारणपणे वगैरे. सरांनी विचारलं, "कशावरून?"

इतक्या दिवसांचं सगळं त्या एका शब्दावर फुटलं. पुण्यात आल्यापासून जपून ठेवलेली भाषा कुठल्या कुठे गेली. "माहं काम बरोबर आहे सर. कितीक खेप तपासलं मी. तुमाले पटत नसन तं नका मानू. पण चूक झाली असं मी म्हणणार नाही."

सरांनी घड्याळात पाहिलं. मग म्हणाले, "हे मघाशीच या भाषेत सांगितलं असतंत तर वेळ वाचला असता."

फोनवर मॅनेजर कबुलीचा कागद माझ्यापुढे सरकवत होते तेव्हा सर मध्येच बोलले. त्यांचं इंग्रजी कारखान्यातलं, ठोकळ्यासारखं. पुढची गाडी मागे घ्या, मागची पुढे घ्या, परत चढवा. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पारडी बदला, दुसरं काय." तिकडचा साहेब हसला, मग चिडला, मग म्हणाला की एकदा करतो आणि मग हा विषय बंद. मॅनेजर मला म्हणाले की आता तुझं नाव त्या कागदावर दोनदा जाईल.

उत्तर यायला लागलेले दिवस मला आजही नकोसे वाटतात. माझी बाजू घेणारा माणूस मिळाला म्हणून बरं वाटावं, तर तेही होईना. मला नवाच संशय यायला लागला, की यांनी हे माझ्यासाठी केलंच नाही, यांना फक्त तराजू तपासायचा होता आणि त्यात मी बटाट्यासारखी पारड्यात आहे. मामांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, तपासू दे की. "आपण धम्मवंदनेत रोज काय म्हणतो? या आणि स्वतः पाहा. तोच धंदा करतो तो माणूस, फक्त तोंड खराब आहे."

मेल आली. प्रतिस्पर्ध्याची गाडी पुढे घातल्यावर ती आमच्यासारखीच मध्यात बुडाली आणि मागून आमची वरपर्यंत गेली. सगळ्या फेऱ्यांत. तिकडच्या साहेबाने दिलगिरी लिहिली होती आणि कबुलीचा विषय मागे घेतला होता. ऑफिसात पेढे आले. मी बाबांना फोन केला आणि उगीचच नागपूरच्या उन्हाबद्दल बोलत राहिले.

सरांनी पेढा घेतला, फोडून आत पाहिलं, आणि मला म्हणाले की फार उड्या मारू नका. मागून जाणारी गाडी जिंकते, एवढंच सिद्ध झालंय. आपलं काम बरोबर आहे हे अजून कुठे सिद्ध झालं? मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. पण खरं होतं ते. पुढच्या हिवाळ्यासाठी क्लायंटने दोन्ही गाड्या शेजारशेजारच्या कोऱ्या बर्फात चढवायचं ठरवलं आणि आम्हाला प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पाठवायला सांगितलं.

ती आवृत्ती मी सगळा उन्हाळा लिहीत होते. आमच्याकडे नियम असा की ज्येष्ठ माणसाने छापील प्रत तपासून सही केल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. पाठवायच्या दिवशी दुपारी मी जेवून आले, टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि सरांपुढे ठेवला. मनात तयारी होती, आता कशावरून, कशावरून, दिवस मावळेपर्यंत. सरांनी पेन काढलं, शेवटचं पान उलटलं आणि सही केली. एक ओळही वाचली नाही. गठ्ठा माझ्याकडे सरकवून ते आपल्या कामाला लागले.

मला आनंद व्हायला हवा होता. जो माणूस बायकोला दोडका सांगितल्याशिवाय ओळखत नाही, त्याने माझ्या कामावर न बघता सही केली होती. पण मी जागेवर येऊन बसले आणि ती सही पुन्हा पुन्हा बघत राहिले. इतके दिवस चूक राहिली तर ती सरांच्या बोटाखाली सापडेल, असं मी नकळत धरून चालले होते. आता त्या सहीमागे माझ्याशिवाय दुसरं कोणीही नव्हतं. पाठवायचं बटण समोर होतं. मी ते दाबलं नाही. पहिलं पान काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतःला विचारलं, कशावरून?

ऑफिस रिकामं व्हायला लागलं. कंपनीची बस गेली, माझ्याशिवाय गेली. गठ्ठ्याच्या मध्याच्या थोडं पुढे एका ओळीवर माझं बोट थांबलं. चढासाठी लिहिलेली एक अट मी उतारासाठीही तशीच ठेवली होती. म्हणजे चालकाने अंगठा सोडल्यावरही टर्बो क्षणभर हवा भरत राहिला असता आणि गाडी क्षणभर पुढे ढकलत राहिली असती. सपाटीवर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. कड्याच्या तोंडाशी असलेल्या माणसाच्या आलं असतं.

मी ते पान दुरुस्त करायला बाजूला काढलं, तेव्हा दोन पानांच्या मधून काहीतरी टेबलावर पडलं. बारीक, पांढरं. मी ते बोटावर घेतलं. राजगिऱ्याची लाही होती.

मी मान वर केली. कधीही कंपनीची बस न चुकवणारे सर अजून आपल्या जागेवर बसले होते. समोरचा कॉम्प्युटर बंद होता, डबा पिशवीत भरलेला होता, पिशवी मांडीवर. मागे खिडकीत बरणी. तिच्यातल्या लाह्या रेघेच्या बऱ्याच खाली गेल्या होत्या.

मी दुरुस्त केलेलं पान छापून घेतलं, त्यांच्यापुढे ठेवलं. ते त्यांनी वाचलं, प्रत्येक ओळ, बोट ठेवून. नव्या पानावर सही केली. मग मी ती लाही त्यांच्या टेबलावर, पेनाशेजारी ठेवली आणि म्हटलं, "सर, दुपारी मी जेवायला गेले होते तेव्हा आपण हे सगळं वाचलं होतंत."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. लाहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती लाही उचलून तोंडात टाकली, आणि ती पूर्ण गिळून झाल्यावर विचारलं, "कशावरून?"